आधी उजेड, मग बंदूक

गेल्या हिवाळ्यात दोन महिने मी टेक्सासमध्ये भाच्याकडे होतो. डॅलसच्या उत्तरेला पसरलेल्या उपनगरांपैकी एकात त्याचे घर आहे. एका शनिवारी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, “मामा, येतोस का बरोबर? बंदुकीला दिवा घ्यायचाय.”

सायकलला दिवा असतो, बैलगाडीखाली टांगलेला कंदीलही मी पाहिला आहे; बंदुकीला दिवा हे प्रकरण मला नवे होते. किंबहुना घरात बंदूक आहे हेच मला त्या क्षणी कळले. भाच्याची बायको काही न बोलता कप उचलून आत गेली. या विषयावर त्या घरात बोलून झाले आहे आणि एकमत झालेले नाही, एवढे मला समजले.

भाचा काही माथेफिरू नव्हे. पुण्यात इंजिनिअर झाला, वीस वर्षांपूर्वी तिकडे गेला, आजवर त्याने कोणावर हात उगारलेला नाही. व्हिसावर होता तोवर त्याला बंदूक घेता येत नव्हती. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, अमेरिकेचा कायदा बंदूक बाळगू देत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ती आडकाठी संपली; तरी त्याने कित्येक वर्षे घेतली नाही. मग दिवाळीच्या सुमारास पलीकडच्या गल्लीतले एका भारतीय कुटुंबाचे घर फुटले. कुटुंब कार्यक्रमाला गेले होते, म्हणून माणसे बचावली, सोने गेले. पंधरा दिवसांत भाच्याच्या कपाटात शॉटगन आली.

आपल्या लोकांच्या घरात सोने असते, ही गोष्ट तिकडच्या चोरांनाही ठाऊक झाली आहे. २०११ ते २०१४ या काळात न्यू जर्सी, न्यूयॉर्क, जॉर्जिया, टेक्सास आणि मिशिगन या राज्यांत आशियाई, विशेषतः भारतीय उपखंडातल्या कुटुंबांची घरे हेरून एका टोळीने दरोडे घातले. बंदुकीच्या धाकावर माणसांना बांधून ठेवून घर लुटायचे, अशी पद्धत. या टोळीच्या सूत्रधार बाईला २०१९ मध्ये डेट्रॉईटच्या न्यायालयाने ३७ वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा भाच्याची भीती खोटी होती, असे मी म्हणणार नाही. प्रश्न तिच्यावरच्या उपायाचा आहे, आणि त्या उपायाला जोडून घ्याव्या लागणाऱ्या दिव्याचा.

आखूड बंदुकीचा मोह

शॉटगन म्हणजे आपली बारा बोअरची बंदूक. माझ्या आजोळी, राजापूर तालुक्यात, शेतीच्या राखणीसाठी परवान्याची एक होती. तिचे ओझे खांद्यावर टाकून आजोबा रात्री मळ्यात जात. टेक्सासच्या दुकानातली तिची भावंडे मात्र काळी आणि आखूड होती. कारण साधे आहे. घरातल्या अरुंद बोळात, जिन्याच्या वळणावर, दाराआडून लांब नळीची बंदूक वळवता येत नाही. म्हणून घराच्या संरक्षणासाठी ‘कॉम्पॅक्ट’ बंदूक हवी, असे विक्रेता सांगतो.

किती आखूड, यालाही कायदा आहे. १९३४च्या केंद्रीय कायद्यानुसार १८ इंचांहून कमी नळीची शॉटगन बाळगायची तर सरकारदरबारी नोंद आणि २०० डॉलर कर लागे. १ जानेवारी २०२६पासून हा कर शून्यावर आला. नोंदणी तेवढी राहिली. पण त्याआधीच बाजाराने पळवाट शोधली होती. मॉसबर्ग कंपनीची २०१७ साली आलेली ‘शॉकवेव्ह’ घ्या. नळी १४ इंचांहून थोडी अधिक, खांद्याला टेकवायचा दस्ताच नाही, नुसती वाकडी मूठ. मुळापासून दस्त्याशिवाय बनवलेली आणि एकूण २६ इंचांहून लांब, म्हणून ती केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत ‘शॉटगन’ ठरत नाही. ना नोंदणी, ना कर. पण खांद्याला टेकत नाही, म्हणून नळीवरून नजर लावून नेम धरणे अवघड. मग विक्रेता म्हणतो, “त्यासाठीच तर लेसर आहे.” एका सोयीने निर्माण केलेली उणीव दुसऱ्या यंत्राने भरून काढायची आणि दोन्हींचे पैसे घ्यायचे, हा बाजाराचा जुना रिवाज इथेही दिसतो.

शॉटगनविषयी एक लोकप्रिय गैरसमज आहे, की तिला नेम लागत नाही. छर्रे पसरतात, कुठेतरी लागतातच. २०१३ साली उपाध्यक्ष असताना जो बायडन यांनीही लोकांना शॉटगन घेण्याचा सल्ला दिला होता. वेळ आलीच तर बाल्कनीत जाऊन दोन बार काढ, असे आपण पत्नीला सांगून ठेवल्याचे त्यांनी सांगितले होते. वस्तुस्थिती निराळी आहे. घरातल्या अंतरावर, म्हणजे १५-२० फुटांवर, छऱ्यांचा पसारा फार तर तळहाताएवढा असतो. नेम चुकला तर सगळेच छर्रे चुकतात. आणि चुकलेले छर्रे जातात कुठे? अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाच्या जिप्समच्या फळ्या, मध्ये पोकळी. मोठे छर्रे अशा एकामागून एक भिंती सहज पार करतात. भाच्याच्या जिन्यावरून झाडलेली गोळी चुकली, तर समोरची खोली त्याच्या सोळा वर्षांच्या मुलाची आहे.

दिवा आणि ठिपका

दुकानात दिव्यांचे एक अख्खे कपाट होते. आकडे मोठाले: सहाशे ल्युमेन, हजार ल्युमेन. आपल्या जुन्या ६० वॅटच्या बल्बचा उजेड साधारण आठशे ल्युमेन असे. तो चोहीकडे पसरे. इथे तेवढाच किंवा त्याहून अधिक उजेड एका झोतात कोंबलेला. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड आणि कॅन्डेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटला त्याचे माप. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की धार लांब जाते, तसेच हे. शेतावर लांबची धार कामाची. घरात पसरट झोत बरा, कारण माणसाचा चेहरा आणि त्याचे दोन्ही हात एकाच वेळी दिसले पाहिजेत. शिवाय पांढऱ्या भिंतीवर फार तीव्र झोत पडला, तर तो उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. अंधाराला सरावलेला डोळा तयार व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात; तो सराव मोडायला क्षण पुरतो.

दिवा बसवायचा कुठे, हाही प्रश्न. पंप पद्धतीच्या शॉटगनला पुढची मूठ मागे ओढून पुन्हा पुढे ढकलावी लागते, तेव्हा रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत जाते. दिवा त्या मुठीतच बसवलेला असेल तर बटण अंगठ्याखाली येते आणि लोंबणारी वायर नसते. नळीच्या पुढच्या टोकाला पकडीने बसवलेला दिवा स्वस्त पडतो; पण आखूड बंदुकीत तो नळीच्या तोंडाशी येतो, काच काजळते, आणि बटण शोधणारा हातही त्याच तोंडाजवळ जातो. बारा बोअरचा धक्का असा, की हलक्या प्रतीच्या दिव्यातली बॅटरी जागची हलून ऐनवेळी अंधार होतो. बटण दाबेपर्यंतच पेटणारे असावे, कारण पेटून राहिलेला दिवा आपलाच ठावठिकाणा सांगतो. लांब बंदुकीत एक बरे असते, की दिव्याचे बटण एका हाताखाली आणि चाप दुसऱ्या हाताच्या बोटाशी. पिस्तुलाच्या दिव्यात दोन्ही एकाच हातात येऊ शकतात. याच टेक्सासमध्ये, प्लेनो शहरात, २०१० साली एका पोलिसाने दिव्याचे बटण दाबू जाता चाप ओढला आणि एक तरुण मेला.

लेसरची गोष्ट आणखी सोपी आणि म्हणून आणखी फसवी. लाल किंवा हिरवा ठिपका जिथे पडेल तिथे गोळी लागेल, अशी कल्पना. डोळ्याला हिरवा रंग अधिक ठळक दिसतो, म्हणून हिरव्याची किंमत जास्त. पण लेसर नळीच्या बाजूला किंवा खाली बसवलेला असतो. त्याची रेषा आणि गोळीची वाट एका ठरावीक अंतरावरच जुळतात. हे तांत्रिक झाले. मुख्य गोष्ट अशी, की ठिपका नळी कुठे रोखली आहे ते सांगतो. समोर कोण आहे ते सांगत नाही. अंधारातल्या आकृतीच्या छातीवर हिरवा ठिपका बसला तरी ती आकृतीच राहते.

आणि दिव्याचे काय? दिवा सांगतो, पण एका अटीवर. तो बंदुकीला जोडलेला असल्यामुळे जिकडे बघायचे तिकडे नळी वळवावी लागते. ज्याला मारायचे नाही त्याच्यावर नळी रोखू नये, हा बंदुकीच्या शिक्षणातला जगभरचा पहिला धडा. बंदुकीवरचा दिवा हा धडा मोडायला लावतो: आधी रोख, मग बघ. चांगले शिक्षक यावर तोड सांगतात. झोत जमिनीवर किंवा छतावर टाका, परतलेल्या उजेडात खोली दिसते. पण मध्यरात्री, काळीज धडधडत असताना, हे किती जणांना आठवेल?

भाच्याने हजार ल्युमेनचा, मुठीत बसणारा दिवा घेतला. त्याबरोबर सवलतीत हिरवा लेसरही घेतला.

दिसले, पण ओळखले नाही

परतताना गाडीत मी त्याला बॅटन रूजची गोष्ट सांगितली. १७ ऑक्टोबर १९९२ला लुइझियानातल्या त्या शहरात योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या मेजवानीला निघाला आणि चुकीच्या घरी गेला. घरमालकाने रिव्हॉल्व्हर रोखून ‘फ्रीझ’ म्हणून बजावले. परक्या भाषेतला तो शब्द मुलाला बहुधा कळलाच नाही. हातात कॅमेरा घेऊन तो पुढे आला. गोळी छातीत लागली. फौजदारी खटल्यात घरमालक १९९३ साली निर्दोष सुटला. पुढच्या वर्षी दिवाणी न्यायालयाने साडेसहा लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. जपानमध्ये सतरा लाख लोकांनी बंदुकांविरुद्धच्या अर्जावर सह्या केल्या.

“ते जुनं झालं मामा,” भाचा म्हणाला. जुने झालेले नाही. २ नोव्हेंबर २०१३च्या पहाटे डेट्रॉईटजवळच्या डिअरबॉर्न हाइट्समध्ये रनिशा मॅकब्राइड ही १९ वर्षांची मुलगी एका घराच्या ओसरीवर आली. काही तासांपूर्वी तिच्या गाडीला अपघात झाला होता. घरमालकाने दार उघडले आणि बाहेरच्या जाळीच्या बंद दारातून बारा बोअरच्या शॉटगनने तिला मारले. बंदूक चुकून उडाली, असे त्याने आधी पोलिसांना सांगितले. न्यायालयात मात्र जिवाच्या भीतीने झाडली, असे म्हणाला. २०१४ साली तो दोषी ठरला. एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत धाकट्या भावांना आणायला गेलेल्या सोळा वर्षांच्या राल्फ यार्लने चुकीच्या घराची घंटा वाजवली आणि काचेच्या दारातून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो वाचला. दोनच दिवसांनी न्यूयॉर्क राज्यातल्या हेब्रन गावात चुकीच्या आवारात गाडी वळवणाऱ्या मंडळींवर एका माणसाने ओसरीतून शॉटगन झाडली. कायलिन गिलिस ही २० वर्षांची मुलगी गेली. त्याला २०२४ मध्ये किमान २५ वर्षांची जन्मठेप झाली.

या चारही घटनांत कोणी अंधारात चाचपडत घरात शिरला नव्हता. समोर माणूस आहे, हे झाडणाऱ्याला ठाऊक होते. कोण आहे, कशासाठी आला आहे, हे बघायला त्याच्या भीतीने त्याला वेळ दिला नाही.

रात्री अडीच वाजता

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. तिकडच्या घरांत हिवाळ्यात अखंड गरम हवा सोडलेली असते, घसा कोरडा पडतो. रात्री अडीचच्या सुमारास मी पाणी प्यायला खाली उतरलो. कोणाची झोपमोड नको म्हणून दिवा लावला नाही. स्वयंपाकघर परक्याचे, अंधारात ग्लास काढताना कोपर लागून स्टीलचा डबा फरशीवर पडला. त्या शांततेत तो आवाज केवढा झाला, ते मीच जाणतो. ग्लास भरून वळलो, आणि जिन्याच्या वरून डोळ्यांत झोत आला.

“डोन्ट मूव्ह!”

इंग्रजी मला येते. चाळीस वर्षे त्या भाषेतल्या बातम्या भाषांतरित केल्या आहेत. पण त्या क्षणी ते दोन शब्द नुसते आवाज होते. मी हललो. डोळ्यांवर आडवा हात धरला, आणि त्या हातात स्टीलचा ग्लास होता. झोतापलीकडे काय आहे ते मला दिसत नव्हते. झोतातला मी त्याला कसा दिसत असेन, हे आज कळते. पांढरी दाढी, अंगात शाल, आणि उगारल्यासारख्या हातात काहीतरी चमकणारे.

मग झोत खाली जमिनीवर गेला आणि भाच्याचा आवाज आला, “मामा?” तो जिन्यावरच बसला. बंदूक त्याने बाजूला ठेवली, तेव्हा तिच्या नळीखाली दिवा जळत होता आणि भिंतीवर एक हिरवा ठिपका थरथरत होता. त्याचा हात थरथरत होता म्हणून.

दिव्यामुळे मी वाचलो, हे मी मान्य करतो. नुसता लेसर असता तर काय झाले असते, याचा विचार मी करीत नाही. पण दिव्याने मला ओळखण्यापूर्वी नळी माझ्यावर रोखली गेली होती, हेही तितकेच खरे आहे.

शिकारीकडून भीतीकडे

अमेरिकेतला बंदुकीचा वाद आपल्याकडे शाळांमधल्या हत्याकांडांच्या बातम्यांतून कळतो. रोजच्या घरांत जे बदलले आहे, ते त्याहून शांतपणे बदलले आहे. १९९९ सालच्या पाहणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी शिकार हे मुख्य कारण सांगितले होते. संरक्षण म्हणणारे चौथा हिस्सा होते. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३च्या पाहणीत ७२ टक्के लोकांनी संरक्षण हे मोठे कारण सांगितले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा घटनादत्त हक्क ठरवला, आणि २०२२ साली ब्रूएन खटल्यात तो घराबाहेरही नेला. शिकाऱ्याच्या हातची बंदूक दिवसा, उघड्यावर, थांबून वापरायची वस्तू होती. तीच आता झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातात रात्री, बोळात, क्षणार्धात वापरायची वस्तू झाली. आखूड नळी, दिवा, लेसर ही सगळी त्या बदलाची अपत्ये आहेत.

धोक्याचे खरे मापही पाहायला हवे. अमेरिकी न्यायखात्याच्या २००३ ते २००७ या वर्षांच्या आकडेवारीनुसार, शंभर घरफोड्यांपैकी सुमारे २८ वेळा घरात कोणीतरी होते आणि सात वेळा हिंसा झाली. त्या हिंसक प्रसंगांपैकीही जवळजवळ दोनतृतीयांश वेळा हल्लेखोर ओळखीचा होता. म्हणजे रात्री घरात पाऊल वाजले तर तो अनोळखी दरोडेखोरच, हे गृहीत धरण्यासारखे नाही. उलटपक्षी २०२३ साली त्या देशात बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसे मेली. त्यांतल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. त्यावर कुठलाच दिवा उजेड पाडत नाही. कुलूपबंद पेटी मात्र थोडा अटकाव करू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याची बायको म्हणाली, “मामा, आता तुम्हीच सांगा याला.” मी बंदूक विकून टाक असे म्हणालो नाही. ज्या घराशेजारी चोरी झाली त्या घरातल्या माणसाला, चार दिवसांनी विमानात बसून निघून जाणाऱ्याने तसे सांगणे सोपे असते. आम्ही तिघांनी बसून नुसता क्रम लावला. जिन्यावर आणि स्वयंपाकघरात पावलाची चाहूल लागताच लागणारे छोटे दिवे. ते वीस डॉलरात आले. उशाशी साधी हातातली बॅटरी. आवाज आला तर आधी घरातली माणसे मोजायची, नावाने हाक मारायची. कोणी परका असलाच तर झोपायच्या खोलीचे दार लावून ९११ला फोन करायचा, बाहेर शोधायला निघायचे नाही. सोने बँकेच्या लॉकरमध्ये. बंदूक पेटीत, आणि ती शेवटी. लेसर त्याने काढून टाकला. दिवा राहू दिला.

आजोबांकडे दिवा नव्हता. राखणीला जाताना ते बॅटरी माझ्या मामाच्या हातात देत, बंदूक स्वतःकडे ठेवत. उजेड एकाच्या हातात आणि चाप दुसऱ्याच्या. जनावराचे तोंड आणि शेपूट दोन्ही दिसल्याशिवाय बार काढायचा नाही, अशी त्यांची ताकीद असे. कोकणात शिकारीला गेलेल्या सोबत्यालाच रानडुक्कर समजून मारल्याच्या बातम्या अजूनही अधूनमधून येतात, तेव्हा ती आठवते. कितीतरी रात्री आजोबा बार न काढता परत येत आणि सकाळी डुकरांनी भात तुडवलेले असे. आजी कुरकुरे. आजोबा म्हणत, “भात पुन्हा लावता येतं.”

परवा भाच्याचा फोन आला होता. मुलाने गाडी चालवायचा परवाना काढला आहे, उशिरा घरी येतो. येताना ओसरीतला दिवा लावतो आणि दारातूनच मोठ्याने, मराठीत, “मी आलोय” म्हणून ओरडतो. आईने तसे बजावले आहे.